सपोर्टच्या खुर्चीतून

अंबाजोगाईहून गणितात बीएस्सी करून २०१६ मध्ये मी पुण्यात आले, तेव्हा ‘आयटीत जायचं’ एवढंच ठरलेलं होतं. तिथे जाऊन नेमकं काय करायचं, हे घरात कुणाला विचारण्यासारखं नव्हतं. कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहायची सोय झाली आणि रूमवरच्या मुलींनी क्लासच्या पत्रकांचा गठ्ठाच हातात ठेवला. जावा, टेस्टिंग, डॉटनेट, बिग डेटा. प्रत्येकावर शंभर टक्के प्लेसमेंट. सी-डॅकच्या सहा महिन्यांच्या कोर्सचं नाव मोठं, पण त्याला इंजिनिअरिंग, एमसीए किंवा एमएस्सी लागायचं. वडिलांच्या किराणा दुकानातून एका क्लासची फी कशीबशी निघाली असती. तो जमला नाही म्हणून दुसरा लावू, अशी सोय नव्हती.

म्हणून मी आधी नोकरीच्या जाहिराती वाचायला घेतल्या. शून्य ते दोन वर्षं अनुभव मागणाऱ्या, डेव्हलपरपासून सपोर्टपर्यंत सगळ्या. एका वहीत मागितलेल्या गोष्टींची नावं लिहायची आणि पुन्हा दिसली की पुढे रेघ मारायची. भाषा आणि साधनं जाहिरातीगणिक बदलत होती. एसक्यूएल आणि लिनक्स यांच्यापुढच्या रेघा मात्र वाढतच गेल्या. क्लासच्या पत्रकांत हीच दोन नावं तळाला, बारीक अक्षरात असायची.

एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा शिकायला लागले आणि माझं गणित मला परत भेटलं. एसक्यूएल ज्यावर उभं आहे ते रिलेशनल मॉडेल आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलं ते संचांच्या सिद्धांतावर. संयोग, छेद, कार्टेशियन गुणाकार हे सगळं मी तीन वर्षं परीक्षेसाठी केलं होतं. आता त्यातून उत्तरं निघत होती. गणिताच्या बीएस्सीला आयटीत कोण विचारतं, असं मला अनेकांनी सांगितलं होतं. डेटाबेसच्या कामात ही पदवी भक्कम पाया आहे, हे माझं अनुभवाचं मत आहे.

जुना लॅपटॉप घेतला, त्यावर उबंटू आणि पोस्टग्रेस टाकलं. दोन्ही फुकट. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीत ऐकायला मिळतात. सुरुवातीची भीती त्यांनी घालवली. सरावासाठी मी दुकानाची उधारीची वही घेतली. वडील फोनवर नोंदी वाचून दाखवायचे. ग्राहक, उधारी आणि जमा अशी तीन टेबलं केली. एकाच उधारीची रक्कम कुणी तीनदा थोडी थोडी आणून दिली तर ती कुठे लिहायची, दोन ग्राहकांचं नाव एकच असेल तर ओळखायचं कसं, हे प्रश्न पुस्तकाआधी मला त्या वहीने घातले. प्रायमरी की कशासाठी लागते, हे तिथेच कळलं.

याच काळात एका कन्सल्टन्सीवाल्याने दोन वर्षांचं अनुभवपत्र ‘करून देतो’ म्हणून सांगितलं. सॅलरी स्लिपसकट. आमच्या ओळखीतल्या काहींनी ते घेतलंही. यात खोटेपणा तर आहेच, शिवाय ते उघडं पडतं. २०१४ पासून भविष्यनिर्वाह निधीला यूएएन क्रमांक आला. आधीच्या कुठल्या कंपनीने कधीपासून कधीपर्यंत पीएफ भरला, हे त्यातून दिसतं आणि पडताळणीत कंपन्या ते तपासतात. रुजू झाल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी काढून टाकलेली मुलं मी नंतर पाहिली. घरी काय सांगायचं, या विचाराने रूमवर बसून राहिलेली. गरजू मुलांच्या घाईवर हा धंदा चालतो आणि मला त्याचा मनापासून राग आहे.

मला नोकरी मिळाली ती हिंजवडीत अ‍ॅप्लिकेशन सपोर्टची. मुलाखतीत इंग्रजी अडखळत होतं, पण उधारीच्या टेबलांबद्दल विचारलं तेव्हा मी उठून फळ्यावर काढून दाखवलं. काम रात्रपाळीचं, पगार बेताचा. ‘सपोर्टमध्ये अडकशील, कोडिंग विसर’ हे सगळ्यांनी ऐकवलं. सपोर्ट म्हणजे तिकीट येणार, लॉग उघडायचा, काय बिघडलं ते शोधायचं आणि ठरल्या वेळेत सुरू करून द्यायचं. रात्रीचा बॅच जॉब मध्येच पडला, तर कधी डिस्क भरलेली असते, कधी पासवर्डची मुदत संपलेली असते. खरी सिस्टीम खऱ्या भाराखाली कशी वागते, हे कुठल्याही वर्गात बसून दिसत नाही.

एक अहवाल रोज रात्री पाऊण तास चालायचा आणि पुढची सगळी कामं अडवायचा. मी त्याची क्वेरी मागून घेतली आणि डेटाबेस ती कशी चालवतो हे दाखवणारं ‘एक्सप्लेन’ लावून पाहिली. व्यवहाराच्या तारखेवर इंडेक्स होता. पण क्वेरीत त्या रकान्यावर फंक्शन लावून तारखेचा मजकूर करून तुलना केली होती. असं केलं की साधा इंडेक्स उपयोगी पडत नाही, टेबलाची प्रत्येक ओळ वाचावी लागते. या तारखेपासून पुढे आणि त्या तारखेच्या आधी, अशी अट लिहिली. अहवाल काही मिनिटांत आला. टीम लीडने तो बदल डेटाबेस टीमकडे माझ्या नावानिशी पाठवला. पुढे त्याच टीममध्ये जागा निघाली तेव्हा त्यांनी मला बोलावलं. आज मी डेटाबेसचंच काम करते.

आता एआय सांगाल ती क्वेरी लिहून देतं आणि ती बहुधा चालतेही. चाललेली क्वेरी बरोबर आहे की नाही, हे सांगायला मात्र टेबलं कळलेली माणसं लागतात.

गावाकडून निघायच्या तयारीत असलेल्या मुलामुलींना माझं सांगणं आहे : क्लासची फी भरण्याआधी महिनाभर जाहिराती वाचा, वहीत रेघा मारा. घरातला, दुकानातला, शेतातला कुठलाही खरा हिशेब घेऊन त्याची टेबलं करा. सपोर्टची जागा चालून आली तर ती घ्या. आणि अनुभवपत्र विकणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.