खेळणाऱ्याची जागा

निवृत्त अध्यापकाला वर्षाचा हिशेब कुणी मागत नाही. तरीही गेल्या दिवाळीपासून या दिवाळीपर्यंतच्या काळाचा जमाखर्च मांडावासा वाटतो. कारण या वर्षात मी तीनच गोष्टी केल्या आणि त्या तिन्ही मी जन्मभर ज्यांना गौण समजत आलो त्या वर्गातल्या होत्या. मी खेळलो, खेळाविषयी वाचले, आणि कोल्हापुरातल्या घराच्या माडीवर सावंतवाडीच्या धर्तीच्या गंजिफा रंगवत बसलो.

‘गौण’ हा शब्द जाणीवपूर्वक वापरला आहे. माझ्या पिढीच्या मराठी अभ्यासकांना, त्यातही कोल्हापूरकरांना, एक वाद वारशाने मिळाला. ना. सी. फडके येथील राजाराम महाविद्यालयात शिकवत होते, वि. स. खांडेकर १९३८ मध्ये शिरोड्याहून येथे आले. ‘कलेसाठी कला’ की ‘जीवनासाठी कला’ हा प्रश्न अशा रीतीने एकाच गावातल्या दोन नावांशी जोडला गेला. मी तो वाद पस्तीस वर्षे वर्गात शिकवला आणि निकाल प्रत्येक वेळी एकाच बाजूने दिला. खेळ म्हणजे रंजन, रंजन म्हणजे पलायन, सबब खेळ म्हणजे पलायन: हे अनुमान इतके सोयीचे होते की ते मी घरीही लागू केले. १९९० नंतरच्या दशकात मुलाच्या हातातला, बॅटरीवर चालणारा, पडत्या विटा रचण्याचा खेळ मी काढून घेतला व कपाटात कुलूपबंद केला. त्याने हट्ट धरला नाही. मात्र त्यानंतर आपल्याला काय आवडते हे मला सांगणे त्याने बंद केले. हे माझ्या लक्षात यायला फार वर्षे लागली.

गेल्या दिवाळीत तो बंगळुरूहून सहकुटुंब आला असता नातीने मला संगणकासमोर बसवले. खेळाचे नाव ‘राजी’. पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेने तो तयार केला आणि २०२० मध्ये प्रसिद्ध केला. राजी नावाची मुलगी राक्षसांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाचा, गोलूचा, शोध घेत निघते, आणि दुर्गा व विष्णू तिच्या वाटचालीवर आपसात बोलत राहतात. कथनमीमांसेचा अध्यापक म्हणून मी लगेच सरसावलो: निवेदक दोन, दोघेही सर्वज्ञ, दृष्टिकोन दैवी. नात म्हणाली, ‘‘आजोबा, ते नंतर. आधी उडी मारा.’’ मी उडी मारली आणि दरीत पडलो. त्या संध्याकाळी मी बहुधा तीसेक वेळा मेलो. मुलगा दारात उभा राहून पाहत होता. त्याने काही सुचवले नाही. पण तो तेथून गेलाही नाही.

ती मंडळी परतल्यावर वाचनाला लागलो. एस्पेन आर्सेथ यांनी १९९७ च्या ‘सायबरटेक्स्ट’ या ग्रंथात, वाचकाला डोळे फिरवणे व पाने उलटणे याखेरीज खरेखुरे श्रम केल्याविना जी पार करता येत नाही अशा संहितेचा विचार केला आहे. माझ्या तीस मरणांना येथे निदान एक सैद्धान्तिक प्रतिष्ठा लाभली. त्याहून महत्त्वाचे ठरले ते योहान हुइझिंगा यांच्या ‘होमो लुडेन्स’चे (१९३८) पुनर्वाचन. खेळात लबाडी करणाऱ्यापेक्षा खेळ मोडणारा अधिक मोठा अपराधी मानला जातो, असे निरीक्षण त्यांनी नोंदवले आहे. लबाडी करणारा निदान खेळाचे जग मान्य असल्याचे दाखवतो, मोडणारा ते जगच नष्ट करतो. हे वाक्य मी पूर्वीही वाचले असणार, कारण त्याच्या समासात माझीच पेन्सिलीची रेघ आहे. कपाटातला तो खेळ तेव्हा मला आठवला नव्हता.

येथे आमच्या समीक्षेविषयीही एक कबुली द्यायला हवी. देरिदा यांच्या १९६६ च्या व्याख्यानापासून निघालेली ‘चिन्हांची क्रीडा’ आम्ही मराठीत उत्साहाने आणली. ज्यांना पोराचा खेळ सहन होत नव्हता, त्यांना चिन्हांचा खेळ चालत होता. त्याचे कारण आता दिसते. रूपक म्हणून आलेल्या खेळात आम्ही पंच होतो. हरण्याचा प्रसंग आमच्यावर येत नव्हता. गाडामेर यांनी ‘सत्य आणि पद्धती’मध्ये (१९६०) खेळाचा खरा कर्ता खेळाडू नसून खेळच असतो असे प्रतिपादन केले, तेही मी परीक्षेपुरते शिकवले. खेळाच्या स्वाधीन होण्यात जी जोखीम असते ती मात्र कधी पत्करली नाही.

गंजिफांचा उद्योग या वाचनातून सुरू झाला. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याचा उल्लेख प्रसिद्ध आहे. दक्षिणेत या पानांवर दशावतार आले. सावंतवाडीत मरणपंथाला लागलेली ही कला शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राजवाड्यातच आश्रय देऊन जगवली. २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. पावसाळ्यापूर्वी आजरा-आंबोलीमार्गे जाऊन तेथील कारागिरांचे काम दिवसभर पाहिले आणि परत येऊन पुठ्ठ्याच्या गोल चकत्या कापायला घेतल्या. दहा अवतार, प्रत्येकाचा राजा, प्रधान आणि एक ते दहा अंकांची पाने, एकूण एकशेवीस. अंकांच्या पानांवर त्या त्या अवताराचे चिन्ह तितक्या वेळा काढावे लागते. म्हणजे एकट्या मत्स्यावताराला पंचावन्न मासे. पहिला मासा काढताना मला शैलीचा विचार सुचत होता. चाळिसाव्यानंतर विचार थांबला आणि मासे बरे येऊ लागले.

या दिवाळीपर्यंत सहाच अवतार पुरे झाले. उरलेल्या चकत्यांवर शाईने अवताराचे नाव व अंक लिहिला. खेळायला तीन जण लागतात, प्रत्येकी चाळीस पाने. मी, मुलगा आणि नात बसलो. नियम मी समजावून सांगितले: हुकूम असा नाही, पाच अवतारांत दहा हा अंक श्रेष्ठ, उरलेल्या पाचांत एक. दोन डाव होतात न होतात तोच नात सारखी जिंकू लागली. मग तिनेच गुपित फोडले. माझ्या पानांच्या पाठी एकसारख्या रंगल्या नव्हत्या. कुठे कुंचल्याचा फटकारा, कुठे ओघळ. ती पाठीवरून पाने ओळखत होती. ज्या हस्तस्पर्शाला आम्ही कलाकृतीत कर्त्याची मुद्रा म्हणून गौरवतो, तो येथे सरळ दोष होता. पत्त्याच्या पाठीवर कर्ता दिसता कामा नये. संहितेतून लेखकाला हद्दपार करणाऱ्या सिद्धान्तांवर मी अनेक व्याख्याने दिली. त्यांचा इतका रोकडा पुरावा मला कधी सापडला नव्हता. मी ओशाळलो. मुलगा मोठ्याने हसला. त्याचे ते हसू मी फार वर्षांनी ऐकले.

नवा डाव वाटला तेव्हा दिवेलागण होत होती. परंपरेने दिवसा ज्याच्याकडे राम असेल त्याने डाव सुरू करावा, रात्री ज्याच्याकडे कृष्ण असेल त्याने. राम माझ्याकडे आला होता. मी पान टाकणार इतक्यात मुलाने हात आडवा धरला.

‘‘बाबा, थांबा. दिवस संपला. कृष्ण माझ्याकडे आहे.’’

खिडकीबाहेर अजून पुरता अंधार पडला नव्हता. वाद घालता आला असता. संधिप्रकाशाची मीमांसा मला जमली असती. मी राम परत हातात घेतला आणि त्याच्या पानाची वाट पाहू लागलो.