दगड कधी मरतो का?

मुलाची नोकरी सध्या मॉरिशसला. त्याच्या आग्रहाखातर गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही उभयता तिकडे तीन आठवडे राहून आलो. बाकीचे प्रवासवर्णन आमच्या सौ.ने सगळ्या नातेवाईकांना फोनवरून ऐकवलेच आहे. मी फक्त दोन दिवसांच्या होडीबद्दल लिहितो.

बेटाच्या आग्नेयेला ब्लू बे आहे. २००० सालापासून ते संरक्षित सागरी उद्यान. तळाला काच बसवलेल्या होडीतून तिथे प्रवाळ दाखवतात. आमच्या होडीवाल्याची आजी मराठी, एकोणिसाव्या शतकात कोकणातून ऊसमळ्यांवर गेलेल्यांच्या घरातली. त्याला स्वतःला मराठी येत नव्हते, पण हिंदी बरे होते. एके ठिकाणी त्याने इंजिन बंद केले आणि होडी बोयाला बांधली. "इथे नांगर टाकायचा नाही. खाली सगळे जिवंत आहे," तो म्हणाला.

मंडळी, ते ऐकले आणि मला एकदम १९७८ सालचा सातवीचा वर्ग आठवला.

मी तेव्हा मालवणजवळच्या एका शाळेत मराठी आणि भूगोल शिकवत असे. वर्गात एका मच्छीमाराचा मुलगा होता. पहाटे रापण ओढून यायचा आणि दुसऱ्या तासाला पेंगायचा. एक दिवस त्याने पांढरा, छिद्राछिद्रांचा तुकडा आणून माझ्या टेबलावर ठेवला. "गुरुजी, ह्यां जितां होतां. पाण्याभायर काढल्यार मेलां."

मी म्हणालो, "अरे, दगड कधी मरतो का?" वर्ग खो खो हसला. त्याने तो तुकडा उचलून दप्तरात टाकला. त्यानंतर वर्षभर त्याने कधी हात वर केला नाही. पुढच्या वर्षी शाळा सोडून तो होडीवर गेला. माझ्यामुळे गेला असे नाही, घरची गरज होती. पण ते हसू मीच सुरू केले होते.

खरे तर प्रवाळ म्हणजे बारीक बारीक प्राण्यांची वसाहत. ते स्वतःभोवती चुन्याचे घर बांधतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते, तेच त्यांना अन्न आणि रंग देते. समुद्र फार तापला की हे शेवाळ निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. पाणी वेळेत निवले तर सावरते, नाहीतर मरते. काचेतून मेंदूसारख्या वळ्यांचे भले मोठे प्रवाळ दिसले, तसे पांढरे पट्टेही दिसले. नातू विचारत होता, "आजोबा, हे मेलंय?" मी होडीवाल्याकडे बोट दाखवले. म्हटले, त्यांना विचार.

दुसऱ्या दिवशी मासेमारीची होडी घेऊन आम्ही प्रवाळाच्या रांगेबाहेर गेलो. मागे गळ सोडून होडी हळूहळू चालवतात. मुलाला एक कुपा मिळाला. मी उलटी आवरण्यात गुंतलो होतो, त्यामुळे त्याचे कौतुक करता आले नाही. परतताना तांडेलाने २५ जुलै २०२० ला वाकाशिओ हे जहाज जिथे प्रवाळावर चढले ती जागा दाखवली. ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे हजार टन तेल सांडले. तेव्हा किनाऱ्यावरच्या लोकांनी सरकारची वाट न पाहता उसाचे पाचट कापडी पिशव्यांत भरले, लांबच लांब माळा शिवल्या आणि तेल अडवायला पाण्यात सोडल्या. हे त्यांना कुठल्या पुस्तकाने सांगितले नव्हते.

घरी आल्यावर मालवणला दोन-तीन फोन केले. तो मुलगा, म्हणजे आता साठीचा गृहस्थ, तिथेच आहे. त्याचा मुलगा पर्यटकांना होडीतून फिरवतो. मे महिन्यात जायचे ठरवले आहे, कारण पाऊस लागला की होड्या वर ओढतात. नातवालाही नेणार. काय बोलायचे ते अजून सुचलेले नाही. त्याला तो तुकडा आठवत नसेलही. मला आठवतो, एवढे तरी सांगून येईन म्हणतो.