पाण्याचे मुक्काम

प्रवासाची आखणी हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार मानावा, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. तीत कल्पनेला पुरता वाव असतो आणि वास्तवाचा जाच अद्याप सुरू झालेला नसतो. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात अभ्यागत प्राध्यापक म्हणून आल्यापासून माझ्या कित्येक संध्याकाळी अशाच एका आखणीत गेल्या. निजणे, रांधणे, स्नान अशा सर्व सोयी पोटात घेऊन धावणारे जे वाहन येथे ‘आर. व्ही.’ या नावाने ओळखले जाते, ते भाड्याने घ्यावे आणि कोलोरॅडो पठारावरील तांबड्या खडकांचा प्रदेश पाहावा, असा बेत होता. ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस, कॅपिटल रीफ, आर्चेस, कॅन्यनलँड्स आणि मॉन्युमेंट व्हॅली अशी सात स्थळे मी दहा दिवसांत बसविली होती.

गेल्या वर्षी आई गेली. त्यानंतर काही महिन्यांसाठी माझे वडील माझ्याकडे आले आहेत. नानांनी सत्तरी ओलांडली आहे. माण तालुक्यातल्या एका कोरडवाहू गावात ते वाढले आणि पुढे तीस वर्षे त्यांनी एस. टी. चालविली. मी मोठ्या हौसेने आखणीचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो चष्मा पुसून दोनदा वाचला आणि म्हणाले, “समदं लिहिलंस. पाणी कुठं भरायचं, ते नाही लिहिलंस.”

मला हसू आले. गाडीतील टाकीत सुमारे १५० लिटर पाणी मावते, हे मी त्यांना सांगितले. उद्यानांतील सूचनेप्रमाणे वाळवंटात माणशी दिवसाला निदान चार लिटर पाणी पिण्यासाठीच जवळ बाळगावे लागते, हेही सांगितले. नाना गप्प राहिले. मग जे बोलले, ते मी जन्मात प्रथमच ऐकत होतो.

१९७२ च्या दुष्काळात ते वीस वर्षांचे होते. पाझर तलावाच्या कामावर त्यांनी आणि त्यांच्या आईने सहा महिने खडी फोडली. दुष्काळ पडला होता एवढे मला ठाऊक होते. परंतु घरात तो विषय कधी निघत नसे. त्या दिवसांत रेशनवर अमेरिकेहून आलेली मिलो ज्वारी मिळे. “तांबडी होती. भाकरी थापली की कडेनं चिरायची. त्या मिलोच्या मुलखात आलो आणि तू मला तांबडे दगड बघायला नेणार. वाळलेली जमीन बघायला पैसे देतात व्हय रं इथं?”

या प्रश्नाला माझ्याजवळ पाठ केलेली उत्तरे होती. हा दगड लोहाच्या गंजाने तांबडा झाला आहे. झायनचे उंच कडे म्हणजे सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या वाळवंटातल्या टेकड्या असून वाऱ्याने रचलेले वाळूचे तिरपे थर त्यांत अजून दिसतात. नानांनी फोडलेला काळा पाषाण हा लाव्ह्याचा. वयाने फार लहान, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. हे सारे मी सांगितले आणि त्यांनी लक्षपूर्वक ऐकले. पण त्यांचा प्रश्न दगडाच्या वयाविषयी नव्हता, हे मला बोलता बोलताच उमगले. तुलनेच्या शास्त्रात मी पदवी मिळविली आहे. दोन दूरच्या गोष्टी शेजारी ठेवण्याचा मला सराव आहे. मात्र एखाद्या मुलखाचा कोरडेपणा एकाला दृश्य वाटतो आणि दुसऱ्याला संकट, हा भेद मी वर्गात अनेकदा शिकवूनही घरात कधी ओळखला नव्हता.

त्यानंतर आखणी नानांच्या हाती गेली. त्यांचे प्रश्न चालकाचे होते. गाडी लांब किती? पंचवीस फूट, असे सांगताच त्यांना ती धाकटी वाटली; एस. टी. याहून लांब. उंची किती, वाटेत बोगदा आहे का? झायनच्या पूर्वेकडून येणारा बोगदा १९३० साली पुरा झाला, त्या काळच्या मोटारींच्या मापाने. मोठ्या वाहनांना तेथे निर्बंध आहेत. तेव्हा फ्रेडोनिया आणि हरिकेन या गावांवरून वळसा घेऊन पश्चिमेच्या दाराने शिरावे, असे ठरले. हंगामात झायनच्या मुख्य दरीत खाजगी गाड्या नेता येत नाहीत, उद्यानाच्याच बसमधून फिरावे लागते, हे कळल्यावर नानांचा चेहरा उजळला. “म्हणजे इथं पण एस. टी. आहे म्हण की.”

ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ सुमारे ७,००० फुटांवर आहे, म्हणजे महाबळेश्वरच्या दीडपटीहून उंच. नानांची छाती ध्यानी घेता तेथे पहिला दिवस केवळ विश्रांतीचा ठेवला. गाडीतले सांडपाणी आणि मैला ज्या टाक्यांत साठतो, त्या ठरावीक जागी आपल्याच हातांनी रिकाम्या कराव्या लागतात. हा मजकूर वाचताना मी नाक मुरडले, हे कबूल केले पाहिजे. नानांनी ते काम सहज आपल्या नावावर लिहून टाकले. मी ते खोडून तेथे माझे नाव घातले.

खरा पेच पडला तो मॉन्युमेंट व्हॅलीपाशी. ही दरी नाव्हाहो लोकांची. १९५८ पासून त्यांनी ती स्वतःचे उद्यान म्हणून राखली आहे. १८६४ मध्ये अमेरिकी सैन्याने या लोकांना घरेदारे जाळून शेकडो मैल पायी न्यू मेक्सिकोत हाकलत नेले. वाटेत आणि छावणीत माणसे मेली. १८६८ च्या तहानंतर उरलेले परतले. आजही त्यांच्या भूमीवरील अनेक घरांत नळ नाही; पिंपे गाडीत घालून दुरून पाणी आणावे लागते. हे मी नानांना वाचून दाखविले. आमच्या कागदावर दुसऱ्यांदा टाकी भरण्याचे ठिकाण नेमके तेथेच होते.

“तिथल्या बायामाणसांनी लांबून पाणी आणायचं आणि आपण त्यांच्या दारात आंघोळी करायच्या?” नानांनी पेन्सिल घेतली. टाकी पेज या गावी भरायची, नाव्हाहोंच्या मुलखात ते दोन दिवस जपून वापरायचे, आंघोळीला सुट्टी. तेथील कच्च्या वाटेवर मोठी गाडी नेऊ नये, तेव्हा दरी पाहायची ती तेथल्याच वाटाड्याच्या गाडीतून, त्याला त्याचे पैसे देऊन.

अशा रीतीने सात स्थळांची तीन झाली. मुक्कामांची अंतरे आता पाणी आणि म्हातारे गुडघे ठरवितात. वारीतही, नाना म्हणतात, दुसरे काय असते? ॲरिझोनात उन्हाळी घड्याळ पाळीत नाहीत, नाव्हाहो पाळतात, आणि त्यांच्या मध्ये वसलेले होपी पाळीत नाहीत; म्हणून वेळापत्रक सोडून उन्हाकडे पाहून निघावे, असेही ठरले आहे.

आम्ही परवा निघणार. काल मी नानांना बजावले, की राष्ट्रीय उद्यानातून दगड उचलून आणणे हा गुन्हा आहे. ते म्हणाले, “उचलत नाही. हात लावून बघीन. फोडायला कसा असेल, तेवढं हाताला कळतं.”