कोठीची खिडकी

जुन्या घरांत अशी एक खोली असतेच की, पाहुण्यांस घर दाखविताना तिच्या दारावरून आपण जरा घाईने पुढे जातो. ओटी, माजघर, देवघर, माडी यांची माहिती यजमान मोठ्या हौसेने सांगतो. पण परसात, विहिरीच्या वाटेवर, गोठ्याला टेकून उभी असलेली ती चार भिंतींची खोली आली की, "ती आपली कोठी," एवढे बोलून तो पुन्हा ओटीकडे वळतो.

आमची कोठी अशीच. कर्जत तालुक्यात उल्हास नदीपासून हाकेच्या अंतरावर आमचे घर आहे. कोठीत एके काळी खंडाच्या भाताच्या कणग्या असत. १ एप्रिल १९५७ पासून कुळकायद्याने कसणारा हाच जमिनीचा मालक ठरला. ते न्याय्यच झाले. परंतु कणग्या रिकाम्या झाल्या आणि त्यांच्या जागी सरपण, मोडका पाळणा, गळकी घंगाळे व फाटक्या ताडपत्र्या येऊन बसल्या. वर्षातून दोनदा कोणीतरी दार उघडी, आणि आतला कुबट वास येताच लावून घेई.

गेल्या माघात या खोलीकडे सर्वांचे लक्ष वळले ते आमच्या पुतणसुनेमुळे. ती सनदी लेखापालाच्या अखेरच्या परीक्षेस बसणार आहे. चौदा माणसांच्या घरात तिला अन्नवस्त्राची किंवा प्रेमाची वाण नाही. वाण आहे ती सलग तीन तासांच्या शांततेची. माजघरात पुस्तक उघडले की कोणाला चहा हवा असतो, कोणाला किल्ली सापडत नसते. यात कोणाचा दुष्टावा नसतो. एकत्र कुटुंबात डोळ्यांसमोर असलेली सून रिकामीच आहे, असा समज आपोआप होतो, इतकेच. एके दिवशी तिने भीतभीतच मला विचारले, "काकू, कोठी रिकामी केली तर चालेल का?"

एका कंत्राटदाराने भिंतींना सिमेंटचा गिलावा, वर पत्रे आणि खाली चकचकीत फरशी असा नव्वद हजारांचा अंदाज दिला. तो ऐकून बेत सोडून देण्याची भाषा सुरू झाली. तेव्हा खर्चाचा विचार मी उलट्या बाजूने करून पाहिला. खोलीत नवे काय घालावे, यापेक्षा जुने काय बिघडले आहे तेवढेच पाहावे, असे ठरविले. पाहता पाहता असे दिसले की, भिंती काळ्या दगडाच्या, मातीत बांधलेल्या आणि भक्कम होत्या. वासे सागाचे, एकाच टोकाला वाळवी लागलेली. कौले मंगळुरी, त्यांतली तीसएक फुटलेली. बिघाड म्हणावा असा एकच होता, तो ओलीचा. आणि ती ओल पश्चिमेच्या खिडकीपाशी सर्वांत जास्त होती.

आमच्या भागातल्या पावसाची कल्पना घाटावरच्या वाचकांस सहजी येणार नाही. अरबी समुद्रावरून आलेले वारे सह्याद्रीला थडकून वर चढतात, थंड होतात आणि आपले सारे ओझे आमच्या डोक्यावर टाकतात. कर्जतला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. शेजारच्या खालापूर तालुक्यात खोपोलीला १९१५ साली टाटांनी जलविद्युत केंद्र सुरू केले आणि मुंबईच्या गिरण्यांस वीज पुरविली, ती घाटमाथ्यावर साठविलेल्या याच पावसाच्या बळावर. जो पाऊस गिरण्या चालवू शकला, तो दोन हातांच्या खिडकीपुढे थोडाच थांबणार! तो सरळ पडत नाही, आडवा येतो. त्याची झड पांघरुणापर्यंत पोहोचते.

यावर पुरुषमंडळींचा उपाय सोपा होता. भाऊजी म्हणाले, "शंभर विटा आणि एक गवंडी. खिडकी बुजवून टाकू. झड नाही, माकडे नाहीत, पाणंदीतल्या लोकांची नजरही नाही." स्वस्तात स्वस्त उपाय तोच होता आणि बहुतेकांस तो पटलाही होता. तेवढ्यात ओटीवर गव्हले करीत बसलेल्या सासूबाई मान वर न करता म्हणाल्या, "खिडकी बुजवायची नाही. महिन्यातले तीन दिवस मी त्या खिडकीतून घर बघत असे."

क्षणभर कोणी काही बोलले नाही. सासूबाई या घरात १९५८ साली सून होऊन आल्या. महिन्याचे ते दिवस त्या काळी बायका कणग्यांच्या मागे, घोंगडीवर, याच खोलीत काढीत. घरात जागा नसली की बाळंतिणीची खाटही तिथेच पडे, आणि मग बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून त्याच खिडकीत गोणपाटाचे बोळे कोंबीत. आत शेगडी, धुरी आणि अंधार. कोठी म्हणजे अडगळ, असे आम्ही समजत होतो. पण घरातल्या स्त्रियांच्या आयुष्यातला केवढा तरी काळ तिथे गेला होता, हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानीही नव्हते.

आमची ही उल्हास नदी पुढे कल्याणास जाते. त्या कल्याणच्या माहेरवाशीण डॉ. आनंदीबाई जोशी. कोवळ्या वयात झालेले पहिले मूल दहा दिवसांत गेले, आणि त्या दुःखातूनच त्यांनी वैद्यकीचा मार्ग धरला. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनी मिळविली, तेव्हा प्रबंधाला विषयही हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचाच घेतला होता. पुढच्याच वर्षी क्षयाने त्यांचा अंत झाला. क्षयाला कोंदट, काळोखी खोली मानवते आणि उजेड व वाहती हवा मानवत नाही, हे आज शाळेतले मूलही सांगेल. तरी घरात ओल आली की आपला हात प्रथम जातो तो खिडकी बंद करण्याकडेच!

वस्तुतः बंद खोलीत ओल कमी होत नाही, वाढते. पावसाळी हवा ओलसर असते हे खरे. पण वाहती ओली हवा आणि कोंडलेली ओली हवा यांत मोठे अंतर आहे. माणसाच्या श्वासातून, दमट कपड्यांतून वाफ निघतच असते. तिला वाट मिळाली नाही की ती थंड दगडी भिंतीवर पाणी होऊन बसते, आणि चार दिवसांत तिथे बुरशी धरते. हल्ली मिरगाच्या आधी गावोगावी घरांवर निळी ताडपत्री चढते. ती पाणी अडविते, पण भिंतीला घट्ट बसली की आतली वाफही अडविते. सिमेंटच्या गिलाव्याचेही तसेच. मातीतल्या दगडी भिंतीवर तो चढविला की जमिनीतून वर चढणारी ओल भिंतीतच अडकते, आणि दोन-तीन वर्षांत गिलाव्याला पोपडे धरतात.

मग झाकण कसे असावे? याचे उत्तर सासूबाईंनीच दिले. त्यांचे माहेर खालापूर तालुक्यात, महडच्या वरदविनायकापासून जवळ. तिथे पावसाळ्यात खिडक्यांवर विणलेल्या झावळ्यांचे झाप बांधीत, तेही भिंतीला चिकटवून नव्हे. वरची कड वळचणीखाली बांधायची आणि खालची कड काठ्यांच्या टेकूने हातभर पुढे काढायची. पाऊस झापावरून निथळून जातो, आणि वारा खालून आत येतो. डोंगरातल्या ठाकर-कातकऱ्यांच्या कारवीच्या कुडाच्या घरांत हेच शहाणपण आहे: पाण्याला आडोसा, वाऱ्याला वाट.

आम्ही झावळ्यांऐवजी बुरुडाकडून बांबूचे दोन तट्टे विणून घेतले, एकावर एक बांधले आणि त्यांना काजूच्या टरफलांचे तेल पाजले. कोकणात हे तेल लाकडाला वाळवी लागू नये म्हणून पूर्वापार वापरतात. मात्र ते हाताला लागले तर कातडी भाजते, म्हणून जाड हातमोजे घालावेत. आतून बारीक जाळी ठोकली. डास, माकडे आणि जनावर यांचा प्रश्न तिथेच मिटला. तट्टा उतरता असल्याने पाणंदीतून आतले दिसत नाही, पण आत बसलेल्यास विहिरीचा काठ दिसतो. दिवाळीनंतर दोन दोऱ्या सोडल्या की तट्टा खाली येतो आणि माथेरानचा डोंगर समोर उभा राहतो.

उजेडाचा प्रश्न छपराने सोडविला. फुटलेली कौले बदलताना मधोमध दोन काचेची कौले बसविली. त्यामुळे खिडकी झाकलेली असतानाही दुपारी चारपर्यंत दिव्याची गरज लागत नाही. वाळवी लागलेले वाशाचे टोक कापून जोड दिला. भिंतींना चुना दिला, तोही घरीच. कळीचा चुना रात्रभर लोखंडी पिंपात भिजवावा. तो उकळतो, म्हणून मुलांस दूर ठेवावे आणि डोळे जपावेत. सकाळी फडक्याने गाळून त्यात थोडा डिंक घालावा, भिंत आधी ओली करावी आणि दाट एक हात देण्याऐवजी पातळ तीन हात द्यावेत. चुना हवेतला कर्बवायू घेऊन हळूहळू पुन्हा दगड होतो. भिंतीची वाफ तो कोंडीत नाही आणि बुरशीला थारा देत नाही. खाली शहाबादी फरशी घातली, तीही जुनी. मुंबईकरांच्या बंगल्यांसाठी आमच्याकडे जुनी घरे पाडली जात आहेत. त्यांतली फरशी, चौकटी, गज अर्ध्या किमतीत मिळतात.

खर्च सांगते, कारण तो पुष्कळांनी विचारला. फरशी बसणावळीसह पाच हजार. कौले, सुतार व शाकारणीची मजुरी मिळून साडेतीन हजार. तट्टे, जाळी व तेल मिळून चौदाशे. चुना व डिंक सहाशे. विजेची तार व दिवा नऊशे. एकूण अकरा हजार चारशे. बाकीचे श्रम घरच्यांचे. भाऊजींनी स्वतः दोन रविवार चुन्याचा कुंचला चालविला, हे मुद्दाम नमूद करते.

या पावसाळ्यात तट्ट्याची कसोटी लागली. आषाढात सलग नऊ दिवस सूर्य दिसला नाही. तरी खिडकीखालची भिंत हाताला कोरडी लागली. परीक्षेचे काय होईल ते आज सांगता येत नाही. तो विषय कठीण आहे, आणि पहिल्या खेपेस सुटणारे थोडेच. पण सकाळी दहा ते एक कोठीचे दार लोटलेले असले की कोणी हाक मारीत नाही, हा घराचा नियम आता मुलांच्याही अंगवळणी पडला आहे. चहा हवा असेल त्याने तो स्वतः करून घ्यावा, हे ओघानेच आले.

ज्यांच्या परसात अशी बंद खोली असेल त्यांनी मिरगाच्या आधी एकदा तिचे दार उघडून पाहावे. अंदाजपत्रक मागविण्यापूर्वी खिडकीतला बोळा काढावा आणि दोन दिवस वारा खेळू द्यावा. काय दुरुस्त करायचे आहे ते बहुतेक त्या दोन दिवसांत कळते. आणि घरातल्या सर्वांत वृद्ध स्त्रीला, ती खोली तिने कशी पाहिली आहे, हेही अवश्य विचारावे.