डाळिंबाच्या मुलखात: शिआनची दैनंदिनी (भाग दुसरा)

सोमवार

सांगोल्याच्या माणसाने चीनला जाऊन बीजिंग-शांघाय सोडून शिआन का निवडावं, असं निघण्याआधी बऱ्याच जणांनी विचारलं. कारण सरळ आहे: डाळिंब. शिआनचं नगरपुष्प डाळिंबाचं फूल आहे. शहराच्या पूर्वेला लिनथोंग नावाचा भाग आहे, तिथे डाळिंबाच्या बागाच बागा आहेत. हान राजाचा दूत झांग छ्येन इसवी सनापूर्वी 138 मध्ये पश्चिमेकडे निघाला आणि बारा-तेरा वर्षांनी परतला. डाळिंब चीनमध्ये त्यानेच आणलं, असं इथली परंपरा मानते. इराणकडचं हे फळ एका वाटेने इथे आलं, दुसऱ्या वाटेने आपल्याकडे आलं, आणि दोन्हीकडे कमी पावसाच्या रानात रुजलं. मला ते रान बघायचं होतं.

सोबत अजनाळ्याचे तात्या आहेत. त्यांची हयात डाळिंबात गेली. तेल्या, मर, खोडकिडा, डाळिंबाचे सगळे रोग-किडी त्यांनी सोसल्यात. दोन वेळा बाग काढून पुन्हा लावलीय. हाँगकाँगमार्गे संध्याकाळी पोहोचलो, जेवलो आणि झोपलो.

मंगळवार

सकाळी तटबंदीवर. शिआनचा तट मिंग राजवटीत, 1370 च्या दशकात उभा राहिला. घेर जवळजवळ 14 किलोमीटर, उंची 12 मीटर, आणि माथा इतका रुंद की दोन ट्रक आरामात शेजारून जातील. वर सायकली भाड्याने मिळतात. दक्षिण दरवाजापासून निघून आम्ही पूर्ण फेरी मारली. एका अंगाला जुनं शहर, दुसऱ्या अंगाला उंच इमारती. आपल्याकडे पेठा वाढल्या तसे कितीतरी गावकोट पाडून दगड घरांना वापरले. इथे अख्ख्या शहराचा तट फेरी मारता येईल असा शिल्लक आहे. हे बघून हेवा वाटला.

दुपारी घंटा-मनोरा आणि नगारा-मनोरा ओलांडून मुसलमानी मोहल्ल्यात शिरलो. हुई मुसलमान इथे शतकानुशतकं आहेत. त्यांची मोठी मशीद गल्लीत आत आहे. बाहेरून ती एखाद्या चिनी देवळासारखी दिसते: उतरती छपरं, लाकडी कमानी, एकामागून एक चौक. शिलालेखावर मात्र अरबी आणि चिनी शेजारी शेजारी.

गल्लीत भूक आवरत नाही. निखाऱ्यावर मटणाच्या सळ्या, जिरं आणि लाल तिखट भुरभुरलेल्या. ताजा डाळिंबाचा रस जागोजागी. यंत्रात अर्धं फळ ठेवून दांडा दाबायचा की पेला भरतो. पण इथली खरी चीज म्हणजे पाओमो. बसल्याबरोबर समोर एक रिकामा वाडगा आणि कडक, जाड, बिनखमिरीसारखी घट्ट रोटी येते. ती गिऱ्हाइकानेच मोडायची. मोठे तुकडे चालत नाहीत. चिमटीने तोडत सोयाबीनच्या दाण्याएवढे बारीक करायचे. शेजारच्या टेबलावरचे एक आजोबा पंधरा-वीस मिनिटं मान खाली घालून हेच करत होते, घाई नाही, बोलणं नाही. मग वाडगा आत जातो. आचारी त्यात मटणाचा रस्सा, शेवया, मांसाचे काप घालून एकेक वाडगा वेगळा उकळतो. सोबत गोडसर मुरवलेला लसूण आणि तिखटाची चटणी.

तात्यांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, “आरं, हा तर आपला काला! भाकरी कुस्करून रस्सा वतलाय.” चवीत आपला काळा मसाला नाही, हाडांचा गाढ, शांत रस्सा आहे. पण रोटी रस्सा पिऊनही लगदा होत नाही, दाणा दाणा वेगळा राहतो. त्यासाठीच ते बारीक मोडणं. तात्यांनी वाडगा चाटूनपुसून संपवला.

बुधवार

आजच्या दिवसासाठी आलो. मेट्रोच्या 9 क्रमांकाच्या मार्गाने हुआछिंगछी, तिथून बसने पहिल्या सम्राटाच्या मातीच्या फौजेकडे. बरोबर मार्गदर्शक मुलगी होती. ती इंग्रजीत सांगायची, मी तात्यांना मराठीत.

पहिल्या खड्ड्यावर छप्पर घातलंय, लांबी 230 मीटर. खाली रांगाच रांगा. फोटोंमुळे हे सगळं ओळखीचं वाटेल असं समजून गेलो होतो. पण कठड्याशी उभं राहिल्यावर कळलं की फोटोत चेहरे कळत नाहीत. एकाची मिशी वर वळलेली, दुसऱ्याचे गाल बसलेले, तिसरा अजून पोरगेला. इसवी सनापूर्वी 210 मध्ये मेलेल्या छिन शी हुआंगसाठी घडवलेली ही माणसं सारी मिळून आठ हजारांच्या आसपास असावीत, असा अंदाज आहे. मूळ ती रंगवलेली होती. मातीबाहेर काढलं की कोरड्या हवेत रंगाखालचं लाखेचं अस्तर काही मिनिटांत सुकून उचकटतं. म्हणून बरीचशी अजून मातीतच ठेवलीत, आणि सम्राटाची समाधी उघडलेलीच नाही. हा संयम मला फार मोठा वाटला. ज्याला हात लावल्याने नुकसान होईल ते पुढच्या पिढीच्या हाती सोपवायला मन मोठं लागतं.

खड्ड्याच्या एका कोपऱ्यात पाटी आहे: इथे विहीर होती. 1974 च्या मार्चमध्ये पाण्याची टंचाई होती, शियांग गावच्या शेतकऱ्यांनी विहीर खोदायला घेतली. चार-पाच मीटरवर पाणी लागायच्या आधी मातीचं डोकं लागलं, काशाचे बाण लागले. मी हे सांगितलं आणि तात्या पाटीपाशीच थांबले.

“म्हंजे हे समदं इहिरीपायी घावलं?”

“हो तात्या, विहिरीपायीच.”

ते बराच वेळ तिथून हलले नाहीत. बहात्तरच्या दुष्काळात ते पंधरा वर्षांचे होते. वडिलांबरोबर त्यांनी विहीर खोदली. आधी मुरूम, मग काळा पाषाण, सुरुंग लावला, पुन्हा पाषाण. पाणी लागलंच नाही. आई रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची, घरी लाल मिलोची भाकरी. ज्या काळात आमच्याकडे माणसं पाण्यासाठी दगड फोडत होती, त्याच सुमाराला इथेही माणसं पाण्यासाठीच खाली जात होती. तात्या बाहेर आल्यावर खाली वाकले आणि मूठभर माती उचलली. पिवळी, पिठासारखी मऊ, खडा म्हणून नाही. वाऱ्याने हजारो वर्षं आणून टाकलेला हा थर आहे, जागोजागी कित्येक मीटर खोल. “ह्यात तर फावड्यानं इहीर व्हईल,” ते म्हणाले.

समाधीच्या टेकाडावर आणि आजूबाजूला डाळिंबं उभी आहेत. रस्त्याकडेला शेतकरी बायका फळं मांडून बसलेल्या. मार्गदर्शक मुलीने एकीशी ओळख करून दिली, तिने आम्हाला मागच्या बागेत नेलं. काही फळांना कागदी पिशव्या घातलेल्या. तात्यांनी पहिल्यांदा पान उलटून पाहिलं, मग फळाला डाग शोधले, मगच बोलायला लागले.

“ताई, पाणी कवा तोडता?”

प्रश्न दोन भाषांतून तिच्यापर्यंत गेला. ती म्हणाली, पाणी तोडायची गरजच नसते. हिवाळ्यात थंडीने पानं आपोआप गळतात, मे महिन्यात फुलं येतात, सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी. वर्षाला एकच पीक. मग तात्यांनी आमची तऱ्हा सांगितली: मृग, हस्त, आंबे, तीन बहार, ज्याला जो परवडेल तो धरायचा, पाणी बंद करून झाडाला ताण द्यायचा, फवारणी करून पानगळ करायची, मग खत आणि पाणी. जो ताण इथे निसर्ग देतो तो आम्ही हाताने देतो. तिला हे खरंच वाटेना. फूल माणसाने ठरवलेल्या महिन्यात येतं, हे तिने तीनदा विचारून घेतलं. तिची तक्रार वेगळी होती. फळ पिकायच्या वेळी पाऊस लागला की ते तडकतं आणि भाव उतरतो. हे मात्र तात्यांना अनुवादाआधीच कळलं, कारण ती तडकलेलं फळ हातात धरून बोलत होती.

तिने एक फळ फोडून दिलं. साल फिकट पिवळसर पांढरी, आतले दाणे जवळजवळ काचेसारखे. या जातीचं फूलही पांढरंच. आमच्या भगव्या जातीची सवय असलेल्या डोळ्याला ते कच्चं वाटतं. तोंडात टाकलं तर निखळ गोड, आंबटपणा जवळपास नाही. बी मात्र भगव्यापेक्षा कडक. तात्यांनी दाणे तळहातावर घेऊन उन्हात धरले, एकेक चावून पाहिला आणि निकाल दिला: गोडीला हे सरस, पण रंगाला आणि टिकायला आपलं भगवं. मला तो निकाल पटला. 28 डिसेंबर 2020 ला देशातली शंभरावी किसान रेल्वे आमच्या सांगोल्याहून बंगालात शालिमारला निघाली होती. इतका लांबचा पल्ला भगव्याच्या जाड सालीला झेपतो.

गुरुवार

मोठा हंस-मनोरा. समोरच्या चौकात चिनी प्रवासी युआन श्वांगचा उंच पुतळा, मागे विटांचा सात मजली मनोरा, 64 मीटर. भारतातून 645 मध्ये परतताना त्याने 657 ग्रंथ आणले. ते सुरक्षित राहावेत म्हणून 652 मध्ये हा बांधायला घेतला. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात युआन श्वांगचं नाव येतं ते दुसऱ्या पुलकेशीच्या धड्यात. तो महाराष्ट्रात आला होता. याच शहरात 646 मध्ये पुऱ्या झालेल्या प्रवासवर्णनात त्याने आपल्याबद्दल लिहिलंय: माणसं मानी, उपकार करणाऱ्याला विसरत नाहीत, अपमान सोसत नाहीत, आणि सूड घ्यायचा तर आधी शत्रूला कळवून मग घेतात. हर्षाला पुलकेशीला हरवणं जमलं नाही, तेही नोंदवलंय. मनोऱ्याच्या पायऱ्या चढताना मी हे तात्यांना सांगत होतो. त्यांनी मधेच थांबून विचारलं, “आन् माती कसली लिवलीय?” सुपीक लिहिलीय, म्हटलं. “मंग आपल्या माणदेशात आला नसंल,” तात्या म्हणाले आणि चढायला लागले.

शुक्रवार

सकाळी शिलालेखांच्या संग्रहालयात. 837 मध्ये कोरलेले अभिजात ग्रंथ 114 शिलांवर उभे आहेत. नक्कल करताना चूक होऊ नये म्हणून आधार दगडाचा. दुपारी रुंद पट्ट्यांच्या शेवया खाल्ल्या, वर तिखट आणि कडकडीत तेल. चव सोलापुरी जिभेला लगेच मानवते.

संध्याकाळी वेगवान गाडीचं तिकीट काढलं. उद्या शिजियाझुआंग. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनमध्ये आले आणि 9 डिसेंबर 1942 ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, याच देशात वारले. त्यांची समाधी तिथल्या हुतात्मा स्मशानभूमीत आहे. तात्यांनी त्यासाठी बाजारातून चार चांगली डाळिंबं निवडून बाजूला ठेवलीत. दोन लिनथोंगची पांढरी, दोन लाल. पुढचा भाग तिथून लिहीन.