पांढरा सदरा, सावळा चेहरा

फिल्मवरचा फोटो ‘जिवंत’ आणि डिजिटलचा ‘प्लॅस्टिकचा’, असं कुणी बोलायला लागलं की मी विषय बदलतो. दोन्हींवर जिवंत फोटो निघतात, मेलेलेही निघतात, आणि मेलेल्यांची संख्या दोन्हीकडे भरपूर असते. पण हल्ली आमच्या पिंपरी-चिंचवडमधली विशी-पंचविशीतली पोरं आजोबांच्या कपाटातला यशिका नाहीतर झेनिट घेऊन येतात आणि विचारतात, “काका, यात रोल घालू का?” त्यांना वाटेला लावता येत नाही.

माझी सगळी नोकरी टूलरूममध्ये झाली. जॉब किती मायक्रॉनने बाहेर गेला तर चालतो आणि कुठल्या बाजूला गेला तर भंगारात जातो, हे तिथे आधी विचारतात. बोअर लहान राहिला तर अजून खरवडता येतो, मोठा झाला की संपलं. कॅमेऱ्याबाबतही मी हेच विचारतो. उजेड जास्त झाला तर काय होतं? कमी पडला तर काय होतं? निगेटिव्ह फिल्म आणि डिजिटल यांची उत्तरं बरोबर उलटी आहेत, आणि माझ्या मते खरा फरक तेवढाच आहे.

हे बघायला पालखीसारखी जागा नाही. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्काम करते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पिंपरी, कासारवाडी, दापोडी करत पुण्याला जाते. ज्येष्ठ सरत आलेला असतो. घटकेत ढग, घटकेत चटका. वारकऱ्याचा सदरा पांढरा, धोतर पांढरं, टोपी पांढरी, आणि टोपीखाली उन्हात रापलेला चेहरा. कॅमेऱ्यातला मीटर बिचारा समोर जे असेल ते मध्यम करडं आहे असं धरून चालतो. दिंडी पांढरीशुभ्र दिसली की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो उजेड कमी करतो. मग सदरे मळकट येतात आणि चेहरे काळेठिक्कर.

निगेटिव्ह फिल्म असेल तर मी सदऱ्याकडे बघतही नाही. चेहऱ्यावर सावली पडलीय तिथला उजेड मोजायचा आणि त्याला पुरेल एवढं एक्स्पोजर द्यायचं. सदऱ्यावर दोन-तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) जास्त पडतात, निगेटिव्ह तिथे दाट होते, पण सदऱ्याच्या चुण्या त्या दाट काळ्यात शाबूत असतात. प्रिंट काढताना तेवढ्या जागेला थोडा जास्त उजेड दिला की चुण्या कागदावर उतरतात. उलट चेहऱ्याला उजेड कमी पडला असेल, तर निगेटिव्हवर तिथे कोरी, पारदर्शक फिल्म असते. तिच्यातून चेहरा काढून दाखवणारा कारागीर अजून जन्मायचा आहे.

डिजिटलमध्ये सगळं फिरतं. सेन्सरवरचा एकेक पिक्सेल उजेडाने भरत जातो, आणि एकदा काठोकाठ भरला की पुढचं सगळं सारखंच पांढरं. चुणी गेली, शिवण गेली, गळ्यातल्या तुळशीमाळेची सदऱ्यावर पडलेली बारीक सावलीही गेली. म्हणून इथे सदरा सांभाळायचा. चेहरा अंधारात राहिला तर राहू द्या, फोटो रॉमध्ये काढा आणि घरी जाऊन सावली उचला. आजचे सेन्सर सावलीतून इतकं काढून देतात की मला अजूनही गंमत वाटते. पूर्वी स्लाइड फिल्म वापरणाऱ्यांना हे शिकवावं लागलं नाही, कारण स्लाइडही जास्त उजेड सोसायची नाही. आयुष्यभर निगेटिव्हवर काम केलेले मात्र डिजिटलवर वर्षभर पांढरे डाग काढत बसले.

ही एक गोष्ट ज्याच्या हाताला कळली, त्याने कुठलाही कॅमेरा घ्यावा.

आता रोल धुण्याविषयी, कारण माझं मन तिथे रमतं. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते. त्या काळच्या हौशी माणसाला काचेवर रसायन ओतण्यापासून प्लेट धुण्यापर्यंत सगळं स्वतः करावं लागे. 1888 मध्ये कोडॅकने रोल भरलेला कॅमेरा विकायला काढला. शंभर फोटो काढायचे आणि कॅमेराच कारखान्यात परत पाठवायचा. फोटो काढणं आणि फोटो बनवणं ही दोन कामं तेव्हा वेगळी झाली. हौशी माणसाच्या हातात बटण उरलं.

ते दुसरं काम परत हातात घ्यायचं असेल तरच फिल्मकडे वळा. ब्लॅक अँड व्हाइट घरात, मोरीत, आरामात धुता येते. उजेड शिरू न देणाऱ्या चेंजिंग बॅगमध्ये दोन्ही हात कोपरापर्यंत घालायचे, रोलची जीभ कात्रीने सरळ कापायची, टोकाचे दोन्ही कोपरे नखाएवढे गोल करायचे म्हणजे ती धुण्याच्या डब्यातल्या स्पायरलमध्ये अडकत नाही, आणि मग दोन्ही मनगटं आळीपाळीने पुढेमागे फिरवत छत्तीस फोटोंची पट्टी आत चढवायची. दिसत काही नाही, सगळं बोटांवर. मे महिन्यात बॅगमध्ये हाताला घाम सुटतो, फिल्म ओलसर होते आणि प्लॅस्टिकच्या स्पायरलला चिकटून बसते. म्हणून उन्हाळ्यात हे काम पहाटे.

पाण्याचंही तसंच. इल्फर्डच्या एचपी 5 या 400 आयएसओच्या फिल्मला त्यांच्याच आयडी-11 डेव्हलपरमध्ये 20 अंशाला साडेसात मिनिटं लागतात. इथे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मे महिन्यात हात भाजेल असं येतं. तेव्हा बादलीत बर्फाच्या पिशव्या टाकायच्या, थर्मामीटर धरायचा, आणि 20 ऐवजी 24 वर समाधान मानून वेळ कमी करायचा. पाच मिनिटांच्या आत मात्र मी येत नाही. एवढ्या थोड्या वेळात डेव्हलपर सगळीकडे सारखा लागत नाही आणि आकाशात पट्टे येतात. रंगीत फिल्मला तर 37.8 अंश धरून ठेवावे लागतात, त्या भानगडीत मी पडत नाही. रंगासाठी डिजिटल उत्तम आहे.

आणि म्हणूनच एक कडू बोलतो. रोल आणायचा हजाराच्या आगेमागे पैसे देऊन, लॅबमध्ये धुऊन स्कॅन करून घ्यायचा आणखी चार-पाचशेत, आणि शेवटी ते स्कॅन फोनवर बघायचे. म्हणजे फोटोमागे चाळीसेक रुपये मोजून तुम्ही डिजिटल फोटोच घेतलात, आणि रंग कसे ठेवायचे ते लॅबमधल्या पोराने ठरवलं. ‘फिल्मचा लूक’ म्हणतात तो बराचसा त्याच्या स्कॅनरचा असतो. हौस म्हणून करा, ना नाही. पण फोटोग्राफी शिकण्यासाठी करत असाल तर अशा काही रोलच्या पैशात जुना डीएसएलआर येतो आणि चुका काढल्या काढल्या दिसतात. ‘फिल्ममुळे माणूस विचार करून फोटो काढतो’ हेही मी फार ऐकलं. अ‍ॅग्फा क्लिक थ्रीच्या काळात रोलवर बाराच फोटो निघायचे, ऊन की ढग एवढं ठरवायचं आणि खटका दाबायचा; तरी त्या बारांतही निम्म्यांना मुंडकी नसत.

फिल्मच्या बाजूने दोन गोष्टी मात्र बोलल्या पाहिजेत. पहिली धुळीची. मोरवाडी ते दापोडी हा रस्ता मेट्रोच्या कामाने वर्षानुवर्षं उकरलेला होता, भोसरी-चाकणकडची धूळ वेगळीच. लेन्स बदलताना सेन्सरवर एक कण बसला तर पुसेपर्यंत तो प्रत्येक फोटोत त्याच जागी. फिल्म दर फोटोला नवी येते.

दुसरी रात्रीची. हमरस्त्यावर सोडियमचे पिवळे दिवे होते तेव्हा तिसऱ्या पाळीला निघालेल्या माणसांचे डिजिटल फोटो मुरंब्यात बुडवल्यासारखे यायचे. त्या दिव्यात बाकीचे रंग जवळजवळ नसतातच, तर कॅमेरा आणणार कुठून? ब्लॅक अँड व्हाइट फिल्मला त्याचं सोयरसुतक नव्हतं. अर्थात तिथे तिची वेगळी खोड: उजेड फार कमी असला की फिल्म मंदावते. मीटर दहा सेकंद म्हणाला तर एचपी 5 ला वीस द्यावे लागतात. सेन्सरला दहा म्हणजे दहाच. आता एलईडी लागले आणि पिवळ्या उजेडाची तक्रार मिटली.

टिकण्याचं काय, असंही विचारतात. हार्ड डिस्क एक दिवस बोलायची बंद होते. निगेटिव्ह खिडकीसमोर धरली की पन्नास वर्षांनीही दिसते. पण फिल्म अमर नाही. 2003 साली पुण्यातच जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून मूकपटांच्या काळापासूनचे डबे जळून गेले. नंतरची अ‍ॅसिटेट फिल्म तशी सहज पेटत नाही, पण दमट हवेत तिचा पायाच कुजतो; आक्रसते, वाकडी होते आणि तिला व्हिनेगरसारखा आंबट वास सुटतो. आपल्या पावसाळ्यात बुरशी तर येतेच. शिवाय स्टुडिओ बंद पडताना कित्येक निगेटिव्ह भंगारात गेल्या. रोल धुताना वापरलेल्या हायपो या रसायनातली चांदी काढायला घेऊन जाणारे लोक होते, पण निगेटिव्हवरची माणसं कुणी वेचली नाहीत.

तेव्हा आजोबांचा कॅमेरा घेऊन येणाऱ्यांना माझं सांगणं असं की आधी त्याच कपाटातल्या निगेटिव्हचा डबा काढा. आंबट वास येतोय का बघा. येत असला तर त्या पट्ट्या बाकीच्यांपासून वेगळ्या करा, कारण ही कीड पसरते. प्लॅस्टिकची घट्ट पाकिटं काढून कागदाच्या पाकिटात घाला आणि बाहेरच्या भिंतीला लागून नसलेल्या कपाटात ठेवा. मग एका पांढऱ्या स्क्रीनवर पट्टी धरून डिजिटल कॅमेऱ्याने एकेक फोटो काढून घ्या. हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या कॉलनीतलं लग्न असेल, टेल्कोच्या गेटसमोर सायकल धरून उभे असलेले आजोबा असतील, पिंपरी कॅम्पातलं जुनं दुकान असेल. फोटोत कोण, कुठलं, कधीचं ते घरातली वडीलधारी माणसं आहेत तोवर विचारून लिहून ठेवा. नवा रोल घालायला पुढचा रविवार आहे.