झोपेची मुदत ठेव

बँकेत कारकुनी करणाऱ्या माणसाला जगातली कुठलीही गोष्ट जमा आणि नावे या दोनच बाजूंत दिसते. लग्नाच्या पंगतीतही तो नुसत्या जिलब्या मोजत नाही; आहेर वजा जिलब्या असा हिशेब करतो. तेव्हा मुलांनी मोबाईल किती वेळ पाहावा, या प्रश्नावर बाकीचे पालक नीतिशास्त्र बोलत असताना आम्ही खतावणी उघडली, तर वाचकांनी राग मानू नये.

दिवसाचे तास चोवीस. त्यावर व्याज नाही, ओव्हरड्राफ्ट नाही, आणि मॅनेजर ओळखीचा असून उपयोग नाही. म्हणजे मोबाईलला दिलेले चार तास दुसऱ्या कुठल्या तरी खात्यातून निघालेच पाहिजेत.

आमचे चिरंजीव नववीत आहेत. त्यांनी अभ्यासाच्या खात्याला हात लावला नाही. तिथे मुळात शिल्लकच नव्हती. जेवणाच्या खात्यावर आईची कडक देखरेख. राहिली झोप. झोप म्हणजे मुदत ठेव. पण ती मोडायला ना अर्ज लागतो, ना पालकाची सही. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी, असे डॉक्टर सांगतात. चिरंजिवांच्या पासबुकात साडेपाच निघाले. दंड दिवसा वसूल होऊ लागला. पोरगा चिडका झाला, क्रिकेटला जाईना. काय झालं विचारलं, की "काही नाही." हे "काही नाही" ऐकून घरातल्या प्रत्येकाची खात्री पटली, की काहीतरी आहे. रात्री एक वाजता त्याच्या दाराखालून निळा उजेड दिसे आणि सौ. दोनदा दारापर्यंत जाऊन परत येई.

आमच्या लहानपणी पडदा नव्हता असे नाही. १९८७-८८ साली 'रामायण' लागले, की अर्धी चाळ एका टीव्हीपुढे बसे. पण दूरदर्शन रात्री स्वतःच झोपायला जाई. पडद्यावर मुंग्या दिसू लागल्या, की आजोबांपासून शेंडेफळापर्यंत सगळे निमूट अंथरुणावर. आजचा पडदा झोपतच नाही. एक व्हिडिओ संपतो न संपतो तोच दुसरा सुरू. दुकानदाराने शटर ओढायचेच नाही असे ठरवल्यावर चौदा वर्षांच्या गिऱ्हाइकाने आपणहून "आता पुरे" म्हणावे, ही अपेक्षा भाबडीच.

तासांचा आकडा सोपा असतो तो लहानग्यांसाठी. दोन ते चार वर्षांच्या मुलांना बसल्याजागी दिवसाला एका तासाहून जास्त पडदा नको, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले. मोठ्या मुलांसाठी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये एकच एक आकडा दिला नाही. मर्यादा घाला, पण झोप आणि खेळ यांची जागा पडद्याने घेऊ नये हे पाहा, असे म्हटले. थोडक्यात, उचल किती यापेक्षा ती कुठल्या खात्यातून, हे महत्त्वाचे. आमचाच मुद्दा!

वसुलीचा मार्ग मात्र सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने दाखवला. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथे ठरले, की संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की टीव्ही, मोबाईल बंद. साडेआठला पुन्हा वाजला की सुरू. यातली खुबी भोंग्यात नाही. तो पोराचा गेम बंद करतो तशी आईची मालिकाही बंद करतो, आणि बापाचे व्हॉट्सॲपही!

आमच्याकडे देऊळ नाही; चकलीचा रिकामा डबा आहे. सौ.ने हुकूम काढला: रात्री दहाला सगळे फोन डब्यात.

"बाबांचासुद्धा?" चिरंजिवांनी विचारले.

"लॉकरला दोन किल्ल्या लागतात. एक बँकेची, एक खातेदाराची," मी म्हणालो आणि माझा फोन आधी ठेवला.

तीन रात्री घरात सुतकी शांतता. चौथ्या रात्री अंधारातून आवाज आला, "बाबा, झोपलात?"

"नाही रे."

"मला ना, वर्गातल्या ग्रुपमधून काढलंय. माझ्याबद्दल काय काय लिहितात, ते कुणाकुणाच्या फोनवरून कळतं. म्हणून जागा राहायचो."

इतके दिवस आम्ही तास मोजत होतो. ही नोंद कुठल्याच वहीत नव्हती. ज्यांच्या घरी गोष्ट डब्याने भागण्यापलीकडे गेली असेल, त्यांच्यासाठी सरकारने २०२२ मध्ये 'टेली मानस' सुरू केले आहे, क्रमांक १४४१६. फोनचा एवढा उपयोग मात्र घड्याळ न पाहता करावा.

त्या रात्री आम्ही बापलेक साडेअकरापर्यंत बोलत होतो. दीड तास झोपेच्या ठेवीतूनच गेला. पण तो मी जमेच्या बाजूला लिहिला आहे. ऑडिटर काय म्हणायचे ते म्हणोत.